चिखल कुणाच्या पाठीवर?

जुन्या सायकलीचे मडगार्ड काढून टाकणे ही अलीकडे रसिकतेची खूण मानली जाऊ लागली आहे. आजोबांची काळी, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल जिन्याखालून बाहेर निघते, नातू ती हौसेने दुकानात नेतो, आणि पंधरा दिवसांनी ती परत येते तेव्हा तिला मडगार्ड नसते, चेनकव्हर नसते, कॅरिअर नसते, स्टँड नसतो आणि घंटीही नसते. त्यांच्या जागी काय येते? नारिंगी रिमा, बोटभर जाडीचे टायर, हातभर लांब आणि चार बोटे रुंद अशी सीट, आणि मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले हँडल. "काय कूल दिसतेय!" असे सगळे म्हणतात. फोटो निघतात. मग ती सायकल बाल्कनीत उभी राहते, स्टँड नसल्यामुळे भिंतीला टेकून, आणि बहुतेक वेळा तिथेच राहते.

माझी या प्रकाराविरुद्ध तक्रार आहे, आणि ती मला कारणे देऊन, रीतसर मांडायची आहे. म्हातारा माणूस नव्या पिढीवर चिडचिड करतो आहे असे कुणाला वाटत असेल तर त्याने निदान ब्रेकपर्यंत वाचावे. तिथे मी माझ्याच वयाच्या लोकांशीही भांडणार आहे.

आधी माझी पात्रता सांगतो. मी मेकॅनिक नाही. मी शाळामास्तर. चौतीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला, आणि त्यातली बहुतेक वर्षे सायकलने शाळेत गेलो. पावसात गेलो, कॅरिअरवर वह्यांचा गठ्ठा बांधून गेलो, हँडलला भाजीची पिशवी अडकवून परत आलो, आणि पुढच्या नळीवर एकेका मुलाला बसवून दवाखान्यातही गेलो. एवढ्या अनुभवावर माणूस पंक्चर काढायला शिकतो आणि सायकलीचा कोणता भाग कशासाठी आहे हेही त्याला कळते.

माझा मुद्दा साधा आहे. सायकलीचा प्रत्येक भाग हे कुठल्या तरी प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न संपला असेल तर उत्तर खुशाल काढून टाका. पण प्रश्न तसाच ठेवून नुसते उत्तर खोडायचे, ते पान कोरे आणि सुंदर दिसते म्हणून, याला काय म्हणायचे? परीक्षेत असे करणाऱ्या मुलाला मी शून्य देत असे.

मडगार्डाचेच घ्या. प्रश्न असा की ओल्या रस्त्यावर फिरणारे चाक पाणी आणि चिखल उडवते, त्याचे काय करायचे? मागचे चाक तो तुमच्या पाठीवर उडवते, पार मानेपर्यंत. पुढच्या चाकाचा कारभार त्याहून वाईट. ते चिखल फेकते तुमच्या पायांवर, चेनवर आणि पायडलच्या एक्सलवर. म्हणून तर जुन्या सायकलींच्या पुढच्या मडगार्डाच्या खालच्या टोकाला रबराची किंवा रेक्झिनची पट्टी लोंबत असे. लहानपणी ती आम्हाला शोभेची वाटायची, कारण काही लोक तिच्यावर नक्षी काढून घेत. पण तिचे काम पक्के होते : चेनचे आयुष्य वाढवणे. आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याचा चेहरा वाचतो तो तुमच्या मागच्या मडगार्डामुळे. मडगार्ड काढणारा आपल्या पाठीवरच्या चिखलाची फिकीर करत नसेल, तो त्याचा प्रश्न. दुसऱ्याच्या तोंडावरच्या चिखलाचे काय?

पुण्यामुंबईत पाऊस चार महिने असतो, कोकणात आणि गोव्यात तर विचारूच नका. या मुलखात मडगार्ड नको म्हणणे म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश भाग सायकल चालवणार नाही असे आधीच सांगून टाकणे. वजनाचे कारण काही जण देतात. जुनी लोखंडी सायकल वीस किलोच्या आसपास, तिच्यावर साठ-सत्तर किलोचा माणूस. त्यात मडगार्डांची जोडी जेमतेम किलोभराची. तेवढे वजन कमी करायचेच असेल तर दुसरे मार्ग आहेत. ते मी सांगायला नको.

आता चेनकव्हर. याची जी थट्टा चालते तिचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण या भागाशी मुलींचा संबंध आहे. पाश्चात्त्य देशांत १८९० च्या दशकात सायकलीची मोठी लाट आली. तेव्हा बायकांचे झगे घोट्यापर्यंत होते. मग त्यांच्यासाठी वरची नळी खाली उतरवलेली चौकट आली, चेनवर झाकण आले, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना मडगार्डापासून खालपर्यंत दोऱ्या ओवून जाळी केली गेली. हे सारे कशासाठी? कपडा चाकात जाऊ नये म्हणून. म्हणजे बाईने सायकल चालवावी की नाही यावर तिकडे वाद झडत होते, त्याच काळात कारखान्यातल्या कुणा शहाण्या माणसांनी ती तिला चालवता येईल अशी सोय करून ठेवली. आपल्याकडे लेडीज सायकल आली ती हा सगळा सरंजाम घेऊनच. साडी नेसलेल्या शिक्षिका, परकर-पोलक्यातल्या आणि नंतर सलवार-कमीजमधल्या मुली तिच्यावर बसून शाळा-कॉलेजात गेल्या.

ओढणी चेनमध्ये अडकून शाळेच्या फाटकाशी पडलेल्या मुली मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांच्या सायकलींना चेनकव्हर नव्हते, किंवा मोडले होते आणि बापाने पुन्हा बसवले नव्हते. बिहार सरकारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, आणि आपल्याकडेही लांबून येणाऱ्या मुलींना सायकली देण्याच्या योजना आहेत. त्या मुलीला दप्तर ठेवायला कॅरिअर लागते, ओढणी वाचवायला चेनकव्हर लागते, पावसाळ्यात गणवेश वाचवायला मडगार्ड लागते. "असल्या गोष्टी आता कोण लावतं?" असे शहरातला एक नवा दुकानदार मला म्हणाला. त्याच्या दुकानात पंचवीस रंगांच्या हँडल-टेप होत्या आणि अठ्ठावीस इंची चाकाचे एकही मडगार्ड नव्हते. कोण लावतं, हे त्याला शहराबाहेर आठ-दहा किलोमीटर गेल्यावर दिसले असते.

चेनकव्हराचा आणखी एक फायदा आहे, पुरुषांनाही उपयोगी. उघड्या चेनवर धूळ बसते, तेलात मिसळते आणि तिचा पॉलिशपेपर होतो. चेन झिजून लांब होते. तपासायची रीत सोपी आहे. सायकलच्या चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. पट्टी लावून पाहा. बारा इंचांवर एक सूत जास्त भरले तर चेन बदलायची वेळ झाली. आणखी ओढाल तर दातेही खाल्ले जातील, आणि चेनच्या पैशात फ्रीव्हीलचे पैसे मिसळावे लागतील. झाकणाखालची चेन धुळीपासून जपली जाते आणि जास्त टिकते. आमच्या पिढीतल्या लोकांना पैसे कमी होते, त्यामुळे ही गणिते त्यांना तोंडपाठ होती.

हँडल आणि सीट यांचे नाते तर व्याकरणासारखे आहे. एक बदलले की दुसरे बदलावे लागते, नाहीतर वाक्य मोडते. जुन्या सायकलीची चौकट ताठ बसण्यासाठी केलेली आहे. सीटची नळी मागे कललेली, पुढचा चिमटा पुढे झुकलेला, दोन चाकांतले अंतर भरपूर, हँडलची टोके तुमच्याकडे वळलेली. असे ताठ बसले की शरीराचा बहुतेक भार सीटवर येतो, म्हणून सीट रुंद आणि खाली स्प्रिंगा. शर्यतीच्या सायकलीवर माणूस पुढे वाकतो, भार हात आणि पाय वाटून घेतात, म्हणून तिथली सीट अरुंद चालते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. पण आजोबांच्या सायकलीचे हँडल तसेच ताठ ठेवून तिला पट्टीएवढी सीट लावली, तर आठ दिवसांत बसणे मुश्कील होते. आणि शिंगासारखे हँडल लावले तर मागे कललेल्या सीटवरून ते हाताला लागत नाही. माणूस फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिणाऱ्या बुटक्या मुलासारखा ताणलेला दिसतो. मग पाठ धरते, मानेला कळ लागते, आणि निष्कर्ष काय निघतो? "जुन्या सायकली त्रासदायक असतात." अहो, सायकलीने काय केले?

बारीक टायरांचा किस्सा तर गमतीचा आहे. बारीक टायर म्हणजे वेग, ही समजूत शर्यतींवरून आली. गंमत अशी की शर्यतवाल्यांनीच ती सोडून दिली. टूर द फ्रान्सला एकेकाळी २३ मिलिमीटरचे टायर सर्रास असत. गेल्या काही वर्षांत तिथे २८ आणि त्याहून जाड टायर आले, कारण खडबडीत रस्त्यावर थोडी हवा कमी असलेला जाड टायर दणके गिळतो आणि वेग राखतो. आपल्या काळ्या सायकलीचा अठ्ठावीस बाय दीडचा टायर सुमारे ४० मिलिमीटरचा. म्हणजे जगातले सर्वांत वेगवान सायकलपटू हळूहळू आपल्या दूधवाल्याच्या दिशेने येत आहेत, आणि आपले तरुण दूधवाल्याच्या सायकलीला त्यांनी टाकून दिलेले टायर बसवत आहेत! फॅशनच्या मागे धावण्यात हा एक धोका कायमचा असतो. तुम्ही पोचता तेव्हा ती निघून गेलेली असते.

स्टँड आणि कॅरिअर यांबद्दल मी फार लिहीत नाही. गोव्यातल्या पोदेराला विचारा. मागे मोठी टोपली बांधून तो घरोघरी पाव घेऊन जातो आणि भोंगा वाजवतो. मुंबईच्या डबेवाल्याला विचारा, त्याच्या हँडललाही डबे असतात आणि कॅरिअरलाही. दोन पायांच्या स्टँडवर सायकल सरळ उभी राहते म्हणूनच तिच्यावर ओझे चढवता येते. ज्या सायकलीवर एक किलो साखरसुद्धा आणता येत नाही तिला वाहन म्हणायचे की खेळणे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

इथपर्यंत माझे समवयस्क माना डोलवत असतील. आता ब्रेककडे येऊ.

तरुणांमधली एक जमात जुन्या चौकटीची 'फिक्सी' करते. म्हणजे मागचे फ्रीव्हील काढून पक्का दातेरी चकरा बसवायचा. चाक फिरते तोवर पायडल फिरत राहते, आणि पायांनी उलटा जोर देऊन वेग कमी करता येतो. दिसायला हे फार स्वच्छ असते, आणि हौशी लोक ते आणखी स्वच्छ करण्यासाठी ब्रेकही काढून टाकतात. ही सायकल मूळची व्हेलोड्रोमची. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, आणि तिथे म्हशी, रिक्षा आणि रस्ता ओलांडणाऱ्या आज्या नसतात. रस्त्यावर थांबताना शरीराचा भार पुढे सरकतो, म्हणून थांबवण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो. मागच्या चाकाला पायांनी कितीही अडवा, ते घसरते. लंडनमध्ये २०१६ साली पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक महिला मरण पावली. चालवणारा अठरा वर्षांचा होता. २०१७ साली त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि तीही १८६१ च्या घोडागाडीच्या जमान्यातल्या कायद्याखाली. ब्रिटनमध्ये फिक्स्ड सायकलीला रस्त्यावर पुढचा ब्रेक बंधनकारक आहे. एक ब्रेक कमी असण्याच्या त्या 'लूक'ची किंमत एका कुटुंबाने आणि एका पोराने मिळून भरली.

पण मंडळी, आता आरसा आपल्याकडे. आपल्यातही एक जमात आहे, अस्सलवाद्यांची. यांच्या मते जुन्या सायकलीला हातच लावायचा नाही. मूळ रॉड ब्रेक, मूळ लोखंडी रिम, मूळ डायनॅमो, आणि मिळालाच तर मूळ रंगाचा पोपडासुद्धा. "काय चकाकतंय बघा क्रोमियम!" असे म्हणत ते रविवारी सकाळी मेळाव्याला जातात आणि ढग दिसले की टेम्पोतून परत येतात. यांना मी कूलवाल्यांचे सख्खे भाऊ समजतो. एकाला सायकल नवी दिसायला हवी, दुसऱ्याला जुनी. चालायला हवी असे कुणालाच वाटत नाही.

रॉड ब्रेकचे गुण मला माहीत आहेत. त्याचे रबर रिमच्या आतल्या अंगाला खालून वर ओढले जाते, त्यामुळे चाकाला थोडा आउट असला तरी ब्रेक घासत नाही. खेड्यातल्या रस्त्यांवर हा गुण मोठा होता. पण क्रोमियम चढवलेली लोखंडी रिम भिजली की तिच्यावर रबर नुसते सरकते. पावसात उतारावर रॉड ब्रेक दाबून देवाचे नाव घेणे हा आमच्या पिढीचा सामुदायिक अनुभव आहे. त्याला परंपरा म्हणून जपण्यात काय अर्थ? तेव्हा रस्त्यावर गाड्या कमी होत्या म्हणून आम्ही वाचलो. ॲल्युमिनियमच्या रिमेवर कॅलिपर ब्रेक ओल्यात कितीतरी चांगला धरतो. खर्च करायची तयारी असेल तर हबमधला ड्रम ब्रेक घ्यावा, त्याला पावसाचा फारसा फरकच पडत नाही. इथे प्रश्न तोच आहे आणि नवे उत्तर अधिक बरोबर आहे. मग जुने का कवटाळायचे?

दिव्याचेही तेच. टायरला घासून चालणाऱ्या बाटलीसारख्या डायनॅमोची कुरकुर ऐकून माझ्याही मनात काही जुने हलते. पण सायकल थांबली की तो दिवाही विझायचा, नेमका चौकात. आजचा एलईडी दिवा थांबल्यावरही जळत राहतो आणि लांबून दिसतो. तो प्लॅस्टिकचा आहे आणि सायकलीला शोभत नाही, हे कारण मला ऐकायचे नाही. रात्री ट्रक ड्रायव्हरला तुमच्या सायकलीचे साल ओळखायचे नसते, त्याला तुम्ही दिसायला हवे असता.

आणि गिअर. जुन्या सायकलीला सहसा पुढे ४४ दात्यांची प्लेट आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असते. पायडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटरच्या आसपास जाते. विशीतल्या पोराला ठीक आहे. साठीनंतर चढावर गुडघे बोलू लागतात. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवा, चेनमध्ये एक-दोन कड्या वाढवा, तेच अंतर साडेचार मीटरवर येते आणि चढ सुसह्य होतो. हा बदल कुणाला दिसतही नाही, फोटोत तर अजिबात नाही. म्हणूनच तो कुणी करत नाही! ज्यांना आणखी हवे त्यांच्यासाठी तीन गिअरचे हब आहे. नॉटिंगहॅममध्ये १९०२ साली निघालेली स्टर्मी-आर्चर कंपनी २००० साली तैवानच्या मालकांकडे गेली, पण तिची हबे अजून बनतात. मधला गिअर सरळ, खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा सव्वापटीहून थोडा जास्त. सगळी यंत्रणा हबच्या पोटात, धूळ-चिखलापासून लांब. जुन्या सायकलीला याहून सुसंस्कृत सुधारणा मला माहीत नाही.

अस्सलपणा जपू नये असे मी म्हणत नाही. त्याची जागा आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे, तिथे जाऊन पाहा. दुर्मिळ सायकल मूळ रूपात असणे हा इतिहासाचा पुरावा आहे, आणि इतिहास शिकवणाऱ्या माणसाला त्याचे मोल कळते. पण लाखांनी बनलेली, घराघरात असलेली काळी सायकल हा ताम्रपट नव्हे. तिचा इतिहास तिने केलेल्या कामात आहे, आणि ते तिला पुढेही करू द्यावे.

आता एक व्यावहारिक गोष्ट, कारण नुसता उपदेश करून मास्तराने वर्गाबाहेर जाऊ नये. सुटे भाग घेताना नावावर जाऊ नका, मापावर जा. अठ्ठावीस बाय दीडच्या टायरची बैठक ६३५ मिलिमीटर व्यासाची असते. आजकालच्या ७००-सी चाकाची ६२२. दोन्हींना बोलताना लोक 'अठ्ठावीस इंची' म्हणतात, पण एकीचा टायर दुसरीवर बसत नाही, आणि चाक बदलले तर रिम प्रत्येक बाजूला साडेसहा मिलिमीटर आत जाते आणि ब्रेकचे रबर तिथे पोचत नाही. सव्वीसमध्ये तर आणखी गोंधळ. २६ बाय १ ३/८ ची बैठक ५९०, आणि जाड टायरांच्या २६ बाय १.७५ ची ५५९. राले कंपनीच्या जुन्या सायकलींत पायडलच्या एक्सलच्या कपाला इंचात २६ आटे असत, इतर इंग्रजी सायकलींत २४. ज्याला हे माहीत नाही तो पान्हा लावून जोर करतो आणि साठ वर्षे टिकलेले आटे दहा मिनिटांत मारतो. हे ज्ञान ज्याच्याकडे आहे तो कोपऱ्यावरचा जुना सायकलवाला, ज्याच्या दुकानाला काच नाही आणि ज्याला इंग्रजी येत नाही. कूल माणूस त्याच्याकडे जात नाही.

आणि इथे माझी खरी तक्रार आहे.

"आमची सायकल, आमचे पैसे, तुमच्या पोटात का दुखतं?" हा प्रश्न मला घरच्याच एका तरुणाने विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे. दिसण्यासाठी सायकल बनवणाऱ्याकडे दुसरे वाहन असते. पाऊस आला की तो गाडी काढतो, साखर आणायची झाली की स्कूटर काढतो. त्याची सायकल निरुपयोगी झाली तरी त्याचे काहीच अडत नाही. पण बाजार पैशाच्या मागे जातो. दुकानदार जे खपते ते ठेवतो, कारखाना जे दुकानदार मागतो ते बनवतो. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, कॉटरपिन, अठ्ठावीसची ट्यूब या 'गावठी' वस्तू हळूहळू मागच्या फळीवर जातात आणि मग दुकानातून जातात. सोनिपतला १९५१ साली सुरू झालेल्या ॲटलस सायकल कंपनीने साहिबाबादचा आपला मोठा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी. त्यामागे कंपनीची पैशाची अडचण होती, त्याचा दोष मी फिक्सीवाल्यांना देत नाही. पण ज्यांची ती एकच सायकल होती त्या लोकांची बातमी कुठे आली? रात्रपाळीचा वॉचमन, बांधकामावरचा गवंडी, पहाटेचा पेपरवाला, शाळेला जाणारी मुलगी. सायकल ज्यांची गरज आहे त्यांना कुणी विचारत नाही, आणि सायकल ज्यांची हौस आहे त्यांच्या आवडीवर दुकाने मांडली जातात. त्यातून गरजवंताची पोरेसुद्धा शिकतात की मडगार्ड असलेली सायकल म्हणजे गरिबी. बापाने महत्प्रयासाने घेतलेल्या सायकलीचे मडगार्ड काढून टाकणारी मुले मी शेवटच्या काही वर्षांत शाळेत पाहिली. त्यांच्याकडे गाडी नव्हती. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर चिखलाचा पट्टा होता, आणि तो घरी आई घासत होती.

या 'कूल'ची किंमत अशी वाटली जाते. ठरवतो एक आणि भरतो दुसराच.

सौंदर्याला माझा विरोध नाही. जी सायकल बघून आनंद होतो ती माणूस जास्त चालवतो, हे मला मान्य आहे. रंग द्या, हवा तो द्या. सोनेरी रेघा मारा, आमच्या वेळीही मारत असत. हँडलला गोंडे लावा, पितळी घंटी घासून लखलखीत ठेवा, चामड्याची सीट तेलपाणी करून तुकतुकीत करा. या गोष्टींनी सायकलीचे कुठलेही काम अडत नाही. काळ्या मडगार्डाची चाकावरून गेलेली कमान मला तर अजूनही देखणी वाटते, आणि तिच्या देखणेपणात तिच्या कामाचा वाटा आहे. घडलेल्या हातांच्या बाईच्या हातात बांगडी शोभते. हात कापून बांगडी कुणी काचेच्या कपाटात ठेवत नाही.

तेव्हा माळ्यावरची सायकल खाली काढाल तेव्हा पान्हा हातात घेण्याआधी पाच मिनिटे बसा. ही कुठे जाणार आहे ते ठरवा. पावसात जाईल का, अंधारात जाईल का, तिच्यावर काय बांधले जाईल, घरातली आणखी कोण ती चालवेल. या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जा. ब्रेक आणि दिवा नवा घ्या, गुडघ्यांना झेपेल तो गिअर घ्या, बाकीचे आहे ते साफ करून, ग्रीस भरून परत लावा. मडगार्ड वाकले असेल तर तो लाकडी हातोडीने ठोकून सरळ करून देईल. त्याला त्याचे पैसे द्या आणि घासाघीस करू नका.